बियाणं आहे, वाफसा नाही

ठाण्यातल्या कोलशेतला नव्याने राहायला आलेला माणूस पहिल्या तीन महिन्यांत दोन तक्रारी करतो. एक घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकची आणि दुसरी केस गळण्याची. ट्रॅफिकचं खापर मेट्रोच्या खांबांवर फुटतं, केसांचं टँकरच्या पाण्यावर. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी कंगव्याचा फोटो टाकतो, खाली वीस जण ‘सेम हिअर’ लिहितात आणि संध्याकाळपर्यंत शॉवरला लावायच्या फिल्टरचा विक्रेता गेटवर हजर असतो. टँकरचं पाणी जड असतं हे खरं. त्याने केस राठ होतात, शाम्पूला फेस येत नाही. पण कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकत जाणारी रेषा आणि टाळूवर हळूहळू मोठं होणारं वर्तुळ पाण्याने तयार होत नाही. पाणी सगळ्या डोक्यावर सारखंच पडतं. मग कानांवरचे आणि मानेवरचे केस कसे शाबूत राहतात?

हा प्रश्न मला जुन्या गावातल्या सलूनवाल्याने विचारला होता. तीस वर्षं लोकांची डोकी हातात घेतलेला माणूस. “साहेब, मागची बाजू कधी जात नाही. पुढची जाणार असेल तर कुणाचा बाप थांबवत नाही.” न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइक या त्वचारोगतज्ज्ञाने 1959 मध्ये जे छापलं ते हेच. मागचे केस पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच वागतात, म्हणजे नशीब केसाच्या मुळात असतं, जागेत नाही. साऱ्या हेअर ट्रान्सप्लांटचा धंदा या एका निरीक्षणावर उभा आहे.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. केस जाणं ही एक गोष्ट नव्हे. 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले आणि काही दिवसांत डोकी उघडी पडली. बायका, मुलं, म्हातारी माणसं, कुणी सुटलं नाही. आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. ते टक्कल बाहेरच्या कारणाचं होतं. टायफॉइडनंतर, बाळंतपणानंतर, कडक डाएटनंतर गळणारे केसही बहुधा परततात, कारण त्यात मुळाला इजा झालेली नसते. या लेखाचा विषय वेगळा आहे. पुरुषांत कपाळ आणि टाळू, बायकांत रुंद होत जाणारा भांग, असं ठरावीक नकाशाप्रमाणे येणारं आणि घराण्यातून उतरणारं टक्कल. ते परतत नाही. आणि गेल्या काही वर्षांत त्याच्यावरच ‘स्टेम सेल’ नावाचा उपाय गल्लोगल्ली मिळू लागला आहे.

माझा भाचा सत्तावीस वर्षांचा. ऐरोलीला आयटीत आहे. घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा एका स्थळाकडून ‘फोटोत टोपी का?’ असा प्रश्न आला आणि मुलगा पुढच्याच शनिवारी मला म्हणाला, “मामा, मी स्टेम सेल करून घेतो. तू फक्त सोबत चल.” क्लिनिक घोडबंदर रोडवरचं. पांढरा कोट घातलेली मुलगी डॉक्टर नव्हती, काउन्सेलर होती. तिने छोट्या कॅमेऱ्याने भाच्याचं डोकं भिंतीवरच्या स्क्रीनवर एवढं मोठं करून दाखवलं की तो बिचारा स्वतःच दचकला. मग पॅकेज. सहा सिटिंग, ईएमआयची सोय, एकूण रक्कम बरी दुचाकी येईल इतकी. “सर, ही तुमच्याच बॉडीतली स्टेम सेल, त्यामुळे साइड इफेक्ट झीरो.” मी विचारलं, पेशी काढणार कुठून? ती म्हणाली, “ब्लडमधून.”

दंडातून रक्त काढायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं आणि वर आलेला पिवळसर द्रव सुईने डोक्यात टोचायचा. हे पीआरपी झालं, प्लेटलेट्सनी समृद्ध केलेला रक्तद्रव. प्लेटलेट्सना केंद्रक नसतं. केंद्रकच नाही ती पेशी विभागून दुसरी पेशी जन्माला घालू शकत नाही, आणि जी दुसरी पेशी घडवू शकत नाही तिला मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, म्हणणं म्हणजे भाताच्या तुसाला बियाणं म्हणणं. एवढंसं शालेय जीवशास्त्र त्या पॅकेजच्या आड येत होतं.

म्हणून मुळापासून सुरुवात करू.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस आपल्या केशकुपात दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतो, तीनेक महिने विश्रांती घेऊन गळतो आणि त्याच कुपातून नवा उगवतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस पडणं हा हिशेबातला खर्च आहे. आनुवंशिक टकलात बिघडतो तो पुढचा हंगाम. नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो आणि कमी काळ वाढतो, त्याच्या पुढचा आणखी बारीक. शेवटी उरते ती डोळ्याला न दिसणारी लव. टकलाची गंमत अशी की तिथले केस गेलेले नसतात, त्यांची लव झालेली असते. भिंगाखाली तुळतुळीत डोकंही पूर्ण रिकामं दिसत नाही.

असं का होतं याचा पहिला भक्कम पुरावा जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने 1942 मध्ये दिला. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले किंवा निकामी झाले त्यांना टक्कल पडत नव्हतं, पण टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, घराण्यात टक्कल असेल तर, पडू लागलं. पुढची कडी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यातून आली. तिथल्या काही घरांतली मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना मुलगे होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी 1974 मध्ये दाखवलं की त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाचं संप्रेरक करणारं विकर अपुरं आहे. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. तेच विकर अडवणारं फिनास्टेराइड आधी प्रोस्टेटसाठी आलं, आणि 1997 मध्ये अमेरिकेत केसांसाठी मंजूर झालं. मिनॉक्सिडिल तर रक्तदाबाची गोळी होती. ती खाणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस येऊ लागले म्हणून तिचं डोक्याला लावायचं औषध झालं, 1988 मध्ये.

इथे कोलशेतचाही एक धागा सापडतो. खाडीकडे जाताना लागणाऱ्या सँडोझबाग या वस्तीला ज्या कंपनीचं नाव चिकटलंय तिच्या बाझलच्या प्रयोगशाळेतून सायक्लोस्पोरिन निघालं. अवयवरोपणात शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून द्यायचं औषध, आणि त्याचा एक ठळक दुष्परिणाम म्हणजे अंगभर वाढणारे केस. केसांच्या औषधांचा इतिहास हा बऱ्याच अंशी दुष्परिणामांचा इतिहास आहे. कुणी केस शोधायला गेलं आणि सापडले असं फारसं घडलेलं नाही.

मूळपेशींचा शोध मात्र मुद्दाम लागला. केसाला नव्याने उगवायची ताकद मुळाच्या तळाशी असणार असं सगळे धरून चालले होते. 1990 मध्ये जॉर्ज कोत्सारेलिस, तुंग-तिएन सन आणि रॉबर्ट लेव्हकर यांनी दाखवलं की ती तळाशी नाही. कुपाच्या मधल्या भागात, अंग शहारल्यावर केस उभा करणारा बारीक स्नायू जिथे चिकटतो तिथे एक फुगवटा असतो, आणि संथपणे विभागणाऱ्या मूळपेशी त्या फुगवट्यात दडून बसलेल्या असतात. मग साहजिकच वाटलं की टकलात या पेशी मेलेल्या असणार. त्या परत घातल्या की झालं.

2011 मध्ये याच कोत्सारेलिस यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या गटाने, लुईस गार्झा यांच्या नावाने छापलेल्या कामात, हा समज उलटा केला. त्यांनी एकाच माणसाच्या डोक्याचा टक्कल पडलेला भाग आणि केसांचा भाग शेजारी ठेवून पेशी मोजल्या. मूळपेशी दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच होत्या. टकलात घटल्या होत्या त्या त्यांच्या पुढच्या पिढीच्या, मूळपेशीतून निघून केस उभा करायच्या कामाला लागणाऱ्या पेशी. म्हणजे कोठारात बियाणं होतं, पेरणी होत नव्हती. पावसानंतर जमीन ना चिखल ना कोरडी अशी पेरणीजोगी होते त्याला शेतकरी वाफसा म्हणतात. टकलाच्या जमिनीला वाफसा येत नाही. कोलशेतच्या नावातच शेत आहे, त्यामुळे ही उपमा मला फार लांबून आणावी लागली नाही.

माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली या एका निष्कर्षात आहे, आणि बाजारात तोच कुणी सांगत नाही. बियाणं जागेवर असताना बियाणं विकायला येणाऱ्याला विचारायला हवं की मुळात कमतरता कशाची आहे. अर्थात बियाणं अमर असतं असंही नाही. एमी निशिमुरा यांच्या जपानी गटाने 2016 मध्ये उंदरांत दाखवलं की वय वाढताना कोलॅजन-17 हे प्रथिन झिजतं, मूळपेशी आपली जागा सोडतात, साध्या त्वचापेशी होतात आणि कोंड्यासारख्या झडून जातात. फार जुन्या, ताणलेल्या, चकचकीत टकलात काही उगवण्याची आशा कमी असते, आणि हे खरा डॉक्टर तोंडावर सांगतो.

वाफसा कोण आणतो? कुपाच्या तळाशी पेशींचा एक छोटा गोळा असतो, डर्मल पॅपिला. मूळपेशीला ‘ऊठ’ म्हणणारा तो. डीएचटीचा मारही मुख्यतः तिथेच बसतो. इंग्लंडातले कॉलिन जहोदा यांनी 1984 मध्ये उंदराच्या मिशीतल्या या पेशी काचेच्या थाळीत वाढवून पुन्हा घातल्या आणि नवा केस उगवला. 1999 चा त्यांचा प्रयोग तर घरगुती म्हणावा असा आहे. जहोदांच्या डोक्यातल्या कुपांच्या तळच्या आवरणातल्या पेशी अमांडा रेनॉल्ड्स यांच्या कोपराखालच्या कातडीत लावल्या गेल्या. रेनॉल्ड्स त्यांच्या सहसंशोधक आणि पत्नीही. बाईच्या हातावर जाडसर केस आले, आणि त्यांच्या तळाशी वाय गुणसूत्र सापडलं. परक्याच्या पेशी असूनही शरीराने त्या नाकारल्या नाहीत. ‘नेचर’मध्ये हा दोन पानी मजकूर आला तेव्हा पाच-दहा वर्षांत टक्कल संपणार असं जगभर छापून आलं.

पंचवीस वर्षं झाली. अडचण थाळीत आहे. दोन-चार केसांतून काढलेल्या पेशी सगळं डोकं झाकायला पुरतील इतक्या वाढवायच्या तर त्या थाळीत पुन्हापुन्हा विभागाव्या लागतात, आणि माणसाच्या पॅपिला-पेशी सपाट थाळीत पसरल्या की काही दिवसांत आपलं काम विसरतात. शहरात गेलेल्या पोराने गावची बोली विसरावी तशा. 2013 मध्ये जहोदा आणि कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला क्रिस्टियानो यांनी त्या उलट्या टांगलेल्या थेंबांत, गोळा होऊन राहतील अशा वाढवल्या. तेव्हा त्यांना थोडं काही आठवलं आणि उंदराच्या पाठीवर रोपलेल्या माणसाच्या कातडीत नवे कूप तयार झाले. क्रिस्टियानो यांना स्वतःला चकत्या-चकत्यांनी केस जाण्याचा आजार आहे, हे सांगितलं की त्यांच्या चिकाटीचं आश्चर्य वाटेनासं होतं.

तोवर पैसेवाले थकले होते. ब्रिटनच्या इंटरसायटेक्सने नाद सोडला. विग विकणाऱ्या जपानी अडेरान्सने अमेरिकेत खास संशोधनसंस्था काढली होती, तीही 2013 मध्ये बंद केली. हा भाग वाचताना मला नेहमी वाटतं, विग कंपनीहून जास्त गरज कुणाला होती? तरी तिलाही जमलं नाही.

माणसांवरच्या नीट चाचण्यांपैकी सर्वांत मोठ्यांतली एक जपानचीच, शिसेइडो कंपनी आणि टोकियोतल्या डॉक्टरांची, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेली. 65 स्त्री-पुरुष. मागच्या केसांच्या कुपाच्या तळच्या आवरणातल्या पेशी वाढवून त्याच माणसाच्या विरळ भागात टोचल्या, वेगवेगळ्या मात्रांत, आणि एका जागी नुसतं पाणी. कमी मात्रेच्या जागी सहाव्या आणि नवव्या महिन्याला केसांची दाटी आणि जाडी वाढली. जास्त मात्रेच्या जागी तसा फरक दिसला नाही. वाढ खरी होती, पण आरशासमोर उभं राहून नवऱ्याने बायकोला विचारावं ‘दिसतंय का गं?’ इतपतच. एवढ्या मोठ्या कंपनीने एवढ्या काळजीने केलेल्या कामाचं हे फळ. आपल्याकडच्या होर्डिंगवरचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो याच्याशी ताडून पाहावेत.

आता त्या होर्डिंगांकडे वळू. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ‘स्टेम सेल’ या एका पाटीखाली निदान पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि गिऱ्हाइकाला फरक कळू नये अशी भाषा वापरली जाते.

सर्वांत जास्त खपतं ते पीआरपी आणि त्याचं गाळीव भावंड, जीएफसी. त्यात मूळपेशी नाहीत हे वर आलंच. उपयोग अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. प्लेटलेट्समधून वाढीचे संदेश देणारी प्रथिनं सुटतात आणि बऱ्याच लहान चाचण्यांत दाटी थोडी वाढलेली दिसते. काहींत ती सलाइनएवढीच दिसते. रक्त किती वेळ फिरवायचं, किती वेळा टोचायचं, याची कुणाची पद्धत कुणाशी जुळत नाही. औषधांच्या जोडीला, सुरुवातीच्या टकलाला, परवडत असेल तर, एवढ्यापुरतं ते ठीक. नाव मात्र खोटं.

‘हेअर ग्रोथ फॅक्टर’च्या कुप्या ही दुसरी जात. आपल्या मुंबईतच घडलेला क्यूआर 678 हा त्यातला सर्वांत गाजलेला. डॉ. देबराज शोम आणि डॉ. रिंकी कपूर यांनी तयार केलेलं, प्रयोगशाळेत बनवलेल्या वाढ-घटकांचं इंजेक्शन. मुंबईतल्या दोन डॉक्टरांनी काहीतरी नवं घडवलं याचा आनंद आहेच. पण त्यावरचे जे अभ्यास वाचायला मिळतात त्यांत निर्मात्यांचीच नावं असतात. दुसऱ्या कुणीतरी, ज्याचा त्यात पैसा नाही अशाने, मोठी चाचणी करावी एवढीच अपेक्षा. यातही मूळपेशी नाहीत, आणि त्यांच्याकडून तसा दावाही मूळ कागदांत नाही. तो गल्लीतला काउन्सेलर करतो.

तिसरी पद्धत नावाच्या जवळ जाते. मागच्या बाजूची कातडीची दोन-तीन टिकल्यांएवढी चकती काढायची, ती बारीक जाळीच्या यंत्रात दळायची आणि गाळलेला द्रव लगेच पुढे टोचायचा. रोमच्या पिएत्रो जेन्तिले यांच्या 2017 च्या कामात 23 आठवड्यांनी दाटी 29 टक्क्यांनी वाढली, नुसत्या पाण्याच्या जागी एक टक्काही नाही. आकडा देखणा आहे. माणसं अकरा होती. अकरा माणसांच्या बळावर कुणी सोसायटीचा लिफ्टचा ठरावही पास करत नाही.

पोटाची चरबी काढून तिच्यातल्या पेशी डोक्यात घालणारे त्याहून महाग. चरबीत मूळपेशींसारख्या पेशी असतात, पण त्या चरबीच्या. त्यांना केस कसा करायचा ते ठाऊक नसतं. त्या फार तर आजूबाजूला रसायनं सोडतात. चरबी विकराने विरघळवून पेशी वेगळ्या केल्या की ती साधी प्रक्रिया राहत नाही, ते औषध ठरतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या क्लिनिकांनी ‘रुग्णाचीच चरबी, त्याला औषध कसं म्हणता?’ असा वाद घातला होता. 2024 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला.

सध्या सर्वांत वेगाने पसरणारा शब्द म्हणजे एक्सोसोम. पेशी एकमेकींना पाठवतात त्या सूक्ष्म पुड्या, 30 ते 150 नॅनोमीटरच्या. कल्पना हुशार आहे. पेशी न देता पेशीचा निरोप द्यायचा. उंदरांत छान चालतं. पण कुप्यांत नेमकं काय आणि किती, हे ठरवायची सर्वमान्य मोजपट्टी अजून नाही. 2019 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएने नेब्रास्कातल्या रुग्णांना एक्सोसोममुळे गंभीर त्रास झाल्याचं सांगून जाहीर इशारा दिला, आणि एकाही एक्सोसोम उत्पादनाला मान्यता नाही हे स्पष्ट केलं. कोरियाहून येणाऱ्या बऱ्याच कुप्या सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जातात, म्हणजे कातडीवर लावायच्या. त्या सुईत भरल्या की कागदावरची परवानगी संपते.

राहता राहिला शाम्पू. त्यात सफरचंदाच्या मूळपेशी असतात म्हणे. स्वित्झर्लंडमधली उत्विलर श्पेटलाउबर नावाची, फार दिवस न सुरकुतणारी सफरचंदाची जात आहे, तिच्यावरून हे प्रकरण निघालं. न सुरकुतणाऱ्या सफरचंदाने माणसाचं डोकं भरेल, तर भोपळ्याने काय होईल याचा विचार मी करत नाही.

कायदा या बाबतीत वाटतो त्याहून स्पष्ट आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जा-पेशींचं रोपण सोडलं तर मूळपेशींचा कुठलाही वापर हा प्रयोग आहे. तो नोंदणीकृत चाचणीतच करायचा. चाचणीबाहेर करणं अनैतिक. 2019 च्या नवी औषधं आणि वैद्यकीय चाचणी नियमांत मूळपेशींपासून केलेलं उत्पादन ‘नवं औषध’ ठरतं, त्याला केंद्रीय औषध नियंत्रकाची परवानगी लागते. त्यानंतर परवानग्या मिळाल्याही आहेत. बेंगळुरूच्या स्टेम्प्यूटिक्सला पायाच्या रक्तपुरवठ्याच्या गंभीर आजारासाठी आणि गुडघ्यासाठी मिळाली. टकलासाठीच्या एकाही मूळपेशी उत्पादनाचं नाव त्या परवानग्यांत नाही.

त्याहून जुना आणि विसरलेला नियम म्हणजे 1945 च्या औषध नियमांतलं शेड्यूल जे. बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाने करू नये अशा आजारांची ही यादी. त्यात कर्करोग, मोतीबिंदू, दमा यांच्या रांगेत टक्कल आहे. शिवाय ‘नवे केस उगवणं’ असं स्वतंत्रही लिहिलेलं आहे. ज्याने ही यादी केली त्याला आपली माणसं नीट कळली होती. ठाण्याच्या स्टेशनबाहेर उभं राहून वर पाहिलं तर शेड्यूल जेचा भंग किती फुटी अक्षरांत होतो ते दिसतं.

पेशींचा उपचार आपल्याकडे होऊच शकत नाही असा याचा अर्थ नाही. जवळच बघा. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर नेक्सकार-19 हा पेशी-उपचार उभा केला. 2018 मध्ये त्यासाठी कंपनी निघाली, चाचण्या झाल्या, 2023 च्या ऑक्टोबरात परवानगी मिळाली. रुग्णाच्याच पेशी, त्या काढून बाहेर बदलून परत द्यायच्या, आणि तरीही ‘साइड इफेक्ट झीरो’ असं त्यातलं कुणी म्हणालं नाही. साइड इफेक्ट मोजले, लिहिले, छापले. घोडबंदर रोडवरच्या यंत्रात आणि त्यांच्या यंत्रात हा फरक आहे.

मग पुढे काही आशा आहे का? आहे, आणि ती वाफशाच्या बाजूने येताना दिसते. बोस्टनमध्ये कार्ल कोलर यांच्या गटाने 2020 मध्ये मूळपेशींपासून चार-पाच महिन्यांत केसांसकट कातडीचे गोळे वाढवले. ते उद्याच्या संशोधनाचं उत्तम साधन आहे. डोक्यावर यायला फार अवकाश आहे. मला जास्त रस वाटतो तो लॉस एंजलिसच्या कामात. तिथल्या विद्यापीठात 2017 मध्ये दिसलं की झोपलेली केसमूळपेशी जागी होताना साखर लॅक्टेटच्या वाटेने जाळते, आणि ती वाट मोकळी केली की जागी होते. त्यावरून पेलाज ही कंपनी निघाली. पीपी 405 या तिच्या लावायच्या औषधाच्या 78 जणांवरच्या चाचणीचे आकडे 2025 च्या जूनमध्ये आले. टक्कल बरंच पुढे गेलेल्या पुरुषांपैकी 31 टक्क्यांत आठ आठवड्यांनी दाटी 20 टक्क्यांहून जास्त वाढली, खोटं औषध लावणाऱ्यांत एकाचीही नाही. हे कंपनीने सांगितलेले आकडे आहेत, मुदत दोन महिन्यांची आहे, मोठी चाचणी व्हायची आहे. 2012 मध्ये टकलात प्रोस्टाग्लँडिन डी-2 जास्त असल्याचा शोध लागला तेव्हाही असाच उत्साह होता, आणि त्याला अडवणारी गोळी पुढे माणसांवर अपयशी ठरली. पण इथे कुणी बियाणं विकत नाही, आहे ते उगवायला लावू पाहतं, म्हणून मी या रांगेत उभा आहे.

तोवर हातात जे आहे ते जुनंच. मिनॉक्सिडिल रोज लावायचं. पहिल्या महिना-दोन महिन्यांत उलट जास्त केस पडतात, तिथेच बरेच लोक बाटली फेकतात. फरक चार-सहा महिन्यांनी कळतो आणि थांबवलं की मिळालेलं जातं. फिनास्टेराइड डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. काही थोड्यांना लैंगिक तक्रारी होतात, आणि मनात आत्महत्येचे विचार येणं हाही दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकाने 2025 मध्ये मान्य केलं. म्हणजे उदासी जाणवली तर लपवायची नाही. मूल होऊ शकेल अशा बायकांनी ते घेऊ नये. बायकांनी त्याआधी थायरॉइड, लोह आणि पीसीओएस तपासावं. भांग रुंद होण्यामागे तीन-तीन कारणं एकदम असू शकतात, आणि त्यातली दोन स्वस्तात सुटणारी असतात.

हेअर ट्रान्सप्लांट ही तर सरळ भाताची लावणी. एका वाफ्यातली रोपं उपटून दुसऱ्या वाफ्यात. नवं रोप त्यात एकही तयार होत नाही, म्हणून मागचा वाफा किती भरलेला आहे यावर सगळं अवलंबून. शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रियाच. 2019 मध्ये मुंबईत ट्रान्सप्लांटनंतर एका व्यावसायिकाचा जीव गेला होता. 2022 च्या सप्टेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने लिहून दिलं की हे काम त्यासाठी शिकलेल्या प्लास्टिक सर्जनने किंवा त्वचारोगतज्ज्ञाने करायचं, व्हिडिओ बघून शिकलेल्याने नाही.

भाच्याने त्या दिवशी पैसे भरले नाहीत. गेले आठ महिने तो रात्री मिनॉक्सिडिल लावून झोपतो. टाळू बऱ्यापैकी सावरली आहे, कपाळाचे कोपरे गेले ते गेले. टोपी न घालता काढलेला फोटो त्याने परवा पाठवला. स्थळाचं अजून ठरायचं आहे.

तुमच्या घरातलं कुणी उद्या अशा क्लिनिकात जायला निघालं तर एक करा. काउन्सेलर ‘स्टेम सेल’ म्हणाली की तिला सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक विचारा. देशातल्या प्रत्येक वैद्यकीय चाचणीची नोंद त्या सरकारी यादीत असावी लागते, आणि क्रमांक तिथल्या तिथे मोबाइलवर पडताळता येतो. खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. क्रमांकाऐवजी कार्ड स्वाइप करायचं यंत्र पुढे आलं तर उठा. पार्किंगचे पैसे तेवढे जातील.